सरकारी दप्तर आणि नागरिकाचा ‘का’

बेळगावहून चोर्ला घाटाच्या वाटेने गोव्याकडे निघाले म्हणजे वाटेत जांबोटी लागते. खानापूर तालुक्यातील हे गाव धो-धो पावसाच्या मुलखात वसलेले आहे. पुढे गेल्यावर मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी, त्यापलीकडे घाट, आणि घाट उतरला की गोव्याची सत्तरी. दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचा चंदगड तालुकाही दूर नाही. तीन राज्यांच्या सीमा अशा हाकेच्या अंतरावर आल्या, की सामान्य माणसाच्या वाट्याला काही चमत्कारिक अनुभव येतात. त्यातलाच एक अनुभव कायद्याच्या इतिहासाचा आहे.

गोव्याने १९९७ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. तमिळनाडूने त्याच वर्षी असा कायदा केला होता. या दोघांच्या आधी देशातील कोणत्याही राज्यात तो नव्हता. कर्नाटकाचा कायदा २००० सालचा. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी एक कायदा केला. परंतु तो इतका तोकडा निघाला, की अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर त्याच्या जागी २००२ चा नवा कायदा आणावा लागला. म्हणजे त्या चारपाच वर्षांत जांबोटीच्या माणसाचा हक्क एक, चंदगडला दिलेल्या त्याच्या बहिणीचा दुसरा, आणि सत्तरीत कामाला गेलेल्या त्याच्या भावाचा तिसरा, असा प्रकार होता. १२ ऑक्टोबर २००५ रोजी केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अंमलात आला आणि ही तीन तऱ्हांची व्यवस्था संपली. (जम्मू-काश्मीर तेवढे २०१९ पर्यंत वेगळे राहिले.) दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, उत्तर न दिल्यास अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड, ही त्या कायद्याची ठळक अंगे आता बहुतेकांना ठाऊक आहेत.

ठाऊक नाही ते निराळेच आहे. कचेरीत अर्ज घेऊन जाणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा ‘किती’ हा प्रश्न नसतो. ‘का’ हा असतो. रस्त्याचे काम अर्धवट का राहिले? गायरानाची जागा दुसऱ्याला का दिली? कणकुंबीजवळचा कळसा नाला वळवून त्याचे पाणी मलप्रभेत नेण्याची योजना याच खोऱ्यात का? म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कळसासाठी १.७२ आणि भांडुऱ्यासाठी २.१८ अब्ज घनफूट पाणी कर्नाटकाला दिले, हा आकडा कोणत्याही वर्तमानपत्रात सापडतो. त्या आकड्यामागचे ‘का’ मात्र सहजी सापडत नाही. आणि हा ‘का’ सरकारला विचारता येतो की नाही, याविषयी आपल्या न्यायालयांनी जे सांगितले आहे, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सरकारी कागद लोकांना खुले असावेत, ही कल्पना प्रथम कायद्यात आली ती स्वीडनमध्ये, १७६६ साली. तिचा एक प्रमुख पुरस्कर्ता अँडर्स खिडेनिउस हा आज फिनलंडमध्ये असलेल्या कोक्कोला गावचा धर्मोपदेशक होता. खेड्यातील चर्चमध्ये प्रवचन करणाऱ्या माणसाने राजाच्या दप्तराची किल्ली मागावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. आणि राजाने ती फार काळ सोसलीही नाही. १७७२ साली राजा तिसरा गुस्ताव याने सत्ता आपल्या हाती घेतल्यावर तो हक्क आखडला. पुढे तो परत आला. अमेरिकेने असा कायदा केला १९६६ साली. आणि लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या इंग्लंडने तो केला २००० साली. अंमल सुरू व्हायला २००५ उजाडले!

इंग्लंडला जे घरी सुचले नाही, ते इंग्रजांना येथे सुचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आपल्याला दिला तो १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. त्याहून जुने, १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे १२३ वे कलम होते. राज्यकारभारासंबंधीच्या अप्रकाशित दप्तरातील पुरावा खातेप्रमुखाच्या परवानगीवाचून न्यायालयापुढे येऊ शकत नसे, आणि ती परवानगी द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर होते.

दप्तर कुलपात असले म्हणजे काय होते, याचे उदाहरण याच दक्षिण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याची वार्ता १८८१-८२ च्या सुमारास सर्वत्र पसरली होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली, आणि तिला आधार म्हणून काही पत्रे पुढे आली. ती पत्रे बनावट ठरली. दिवाणांच्या अब्रूनुकसानीबद्दल टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. महाराजांविषयीची कळकळ खरी होती, संशयही निराधार नव्हता; परंतु खरा कागद मिळण्याचा मार्गच नसल्यामुळे जो कागद हाती आला त्यावर विसंबावे लागले. हा प्रसंग आपण देशभक्तीच्या कथांत सांगतो. तो बंद दप्तराच्या कथांतही सांगितला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर कुलूप तेच राहिले, किल्ली तेवढी दुसऱ्या हाती गेली. घटनेच्या १९ व्या कलमाने भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. माहितीचा शब्दही त्यात नव्हता. तो अर्थ त्यातून काढला न्यायालयांनी. राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या निवडणुकीला आव्हान दिले, तेव्हा पंतप्रधानांच्या दौऱ्यातील संरक्षणाच्या नियमांचे ‘ब्लू बुक’ त्यांना पुराव्यासाठी हवे होते. उत्तर प्रदेश सरकारने १२३ व्या कलमाची ढाल पुढे केली. २४ जानेवारी १९७५ च्या निकालात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी लिहिले, की सार्वजनिक अधिकाऱ्यांनी सार्वजनिक रीतीने केलेली प्रत्येक कृती जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. हे वाक्य त्यानंतर शेकडो ठिकाणी उद्धृत झाले. गंमत अशी, की त्या निकालाने पुस्तक उघडले नाही. उच्च न्यायालयाचा ते हजर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि विशेषाधिकाराचा विचार नव्याने करण्यासाठी प्रकरण परत पाठवले. तत्त्व लोकांच्या पदरात पडले, कागद सरकारकडेच राहिला. आपल्याकडच्या या विषयातील अनेक निकालांची हीच तऱ्हा आहे.

कागद प्रत्यक्ष उघडला तो १९८१ साली. न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या खटल्यात कायदामंत्री, दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि सरन्यायाधीश यांच्यामधील पत्रव्यवहार उघड करण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्यायमूर्ती भगवती यांचा युक्तिवाद असा, की खुले शासन हा नियम आणि गुप्तता हा अपवाद. पुण्याच्या रहिवाशांना या विचाराचे फळ लवकर मिळाले. लष्करी छावणीच्या हद्दीत उठणाऱ्या इमारतींचे परवाने आणि नकाशे पाहू द्यावेत, अशी पर्यावरणवादी संस्थेची मागणी कँटोन्मेंट बोर्डाने नाकारली होती. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या भागातील रहिवाशांना आणि अशा संस्थांना ते कागद पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. माहितीचा कायदा होण्याच्या एकोणीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

परंतु न्यायालयात जाणे हे पुण्याच्या संस्थेला जमते. डोंगरातल्या शेतकऱ्याला नाही. म्हणून कायदा हवा होता. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांच्या हजेरीपटांची मागणी करीत १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले. मेलेल्या माणसांच्या नावाने मजुरी उचललेली आहे, हे गावाने आपल्या डोळ्यांनी कागदावर पाहिले, आणि तेथून ही मागणी दिल्लीपर्यंत गेली. संसदेने २००२ साली केलेला एक कायदा कधी अंमलातच आला नाही. २००५ चा आला.

आता तो ‘का’.

गोव्यात डॉ. सेल्सा पिंटो या सरकारी अधिकारी माहिती अधिकारी म्हणून काम पाहत असता एका अर्जाच्या उत्तरावरून राज्य माहिती आयोगाने त्यांना दंड केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे गेले. ३ एप्रिल २००८ रोजी न्यायालयाने दंड रद्द केला, आणि तसे करताना एक रेषा आखली. कायद्यातील ‘माहिती’ म्हणजे कार्यालयात अस्तित्वात असलेली सामग्री: अभिलेख, टिपणे, पत्रे, अहवाल, नमुने. अमुक गोष्ट का केली अथवा का केली नाही, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे समर्थन होय. समर्थन मागणे हे निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यापुढचे काम आहे. ते माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

हा निकाल छोटा आहे. त्याचे पडसाद मोठे आहेत. देशातील कित्येक कार्यालयांतून आजही अर्जावर शेरा येतो की, ‘आपला प्रश्न माहितीच्या व्याख्येत येत नाही.’ अर्जदाराच्या प्रश्नात ‘का’ हे अक्षर दिसले, की अर्ज फेटाळण्याचे निमित्त मिळाले! न्यायालयाची भूमिका तर्काला धरून नाही, असे म्हणता येणार नाही. कारकुनाला तीस दिवसांत सरकारच्या धोरणाचे समर्थन लिहून द्यायला लावणे अवघडच आहे, आणि त्याने लिहिलेले समर्थन सरकारवर बंधनकारक तरी कसे मानायचे? तथापि या शेऱ्यामागे जी समजूत रुजली, की नागरिकाला कारण विचारण्याचा हक्कच नाही, ती कायद्याला धरून नाही.

कायद्याचेच चौथे कलम पाहावे. प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे, हे त्याच्या पहिल्या पोटकलमातील ‘घ’ खंडाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक केले आहे. त्याआधीच्या खंडात, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असे म्हटले आहे. याला अर्जाचीही गरज नाही. ते आपणहून करायचे आहे. म्हणजे ‘का’ला कायद्यात दार आहे, फक्त ते अर्जाच्या सहाव्या कलमात नसून चौथ्या कलमात आहे. दंडाची तरतूद मात्र अर्जाला उत्तर न देणाऱ्यासाठी आहे. चौथे कलम मोडणाऱ्याच्या खिशाला काहीच तोशीस नाही. कायदा करणाऱ्यांनी सगळ्यांत चांगले वचन सगळ्यांत दुबळ्या जागी ठेवले, असेच म्हणावे लागते.

‘का’ला दुसरेही एक दार आहे आणि ते अधिक व्यवहार्य आहे. सरकारी फायलीच्या एका बाजूला पत्रव्यवहार असतो, दुसऱ्या बाजूला टिपण्या. कनिष्ठ लिपिकाने सुचवले, अव्वल कारकुनाने शंका काढली, साहेबाने ‘मान्य’ लिहिले, वरच्या साहेबाने कारणासह फिरवले, हा सारा वाद त्या टिपण्यांत असतो. निर्णयाचे कारण कोठे जिवंत असेल तर तेथेच. म्हणून अर्जात ‘रस्त्याचे काम का थांबले’ असे लिहिण्याऐवजी ‘रस्त्याच्या कामाच्या फायलीतील अमुक तारखेपासूनच्या टिपण्यांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहिले, तर कायद्याची व्याख्याही सांभाळली जाते आणि कारणही हाती येते.

सरकारने हे दार बंद करण्याचा प्रयत्न केला होता. केंद्रीय माहिती आयोगाने २००६ च्या प्रारंभीच टिपण्या ही माहिती होय, असा निर्णय दिला असताना, त्याच वर्षीच्या जुलैत केंद्रीय मंत्रिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून बहुतेक टिपण्या त्यातून वगळण्याचे ठरवले. ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीला उपोषणास बसले. देशभर निषेध झाला आणि सरकारने दुरुस्ती बाजूला ठेवली. ज्या आळंदीत ज्ञानेश्वरांची समाधी आहे, तेथे कचेरीतल्या टिपण्यांसाठी उपोषण व्हावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु बंदिस्त भाषेतले ज्ञान लोकांच्या भाषेत आणणाऱ्याचे ते गाव आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे विसंगती उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही पुढे पणजीच्या निकालाच्याच दिशेने पाऊल टाकले. ९ ऑगस्ट २०११ रोजी माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय झाला. शाळांच्या जगात या निकालाने केवढी खळबळ केली, ते तपासनीसांना विचारावे. एक गुण कोठे गेला हे विद्यार्थ्याला आता डोळ्यांनी पाहता येते, आणि तपासणाऱ्याचा हातही त्यामुळे अधिक सावध झाला. (लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपर्यंत मात्र ही उदारता पोहोचली नाही, २०१८ साली तेथे न्यायालयाने गोपनीयतेच्या बाजूने कौल दिला.) पण त्याच २०११ च्या निकालात न्यायालयाने असेही सांगितले, की जी माहिती कार्यालयात नाही ती गोळा करून, जुळवून किंवा तयार करून देण्याचे बंधन नाही, आणि तीन चतुर्थांश कर्मचारी आपला तीन चतुर्थांश वेळ अर्जांना उत्तरे देण्यात घालवीत आहेत, असे दृश्य राष्ट्राला नको आहे. हा इशारा देताना एक गोष्ट नजरेआड झाली असे वाटते. चौथ्या कलमाप्रमाणे कागद आपणहून खुले केले असते, तर एवढे अर्ज आलेच नसते.

‘का’ची ही वाट जेथे सर्वांत अरुंद झाली आहे, ती जागा खाजगी माहितीची. महाराष्ट्राचे पूर्वी वनमंत्री असलेले सुरूपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने मे २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची कैद दिली. प्रकरण लाकूड कारखान्यांच्या परवान्यांचे, म्हणजे रानाचेच होते. शिक्षेतील बराचसा काळ त्यांचा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेला. कैदी रुग्णालयात का होता, हे कळावे म्हणून एका नागरिकाने त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. नाईकांनी खाजगीपणाचा हक्क सांगितला. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली निर्णय दिला, की रुग्णाची गुप्तता आदरणीय खरी, पण शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या बाबतीत सार्वजनिक हित मोठे आहे. आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येत नाही. हा दुसरा आधार कायद्याच्या आठव्या कलमातील ‘ञ’ खंडात अक्षरशः लिहिलेला होता. आमदाराला जे पाहता येईल ते मतदारालाही पाहता यावे, याहून लोकशाहीचा सोपा पाठ कोणता?

पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि मालमत्तेची विवरणे ही वैयक्तिक माहिती ठरवली. व्यापक सार्वजनिक हित दाखवल्यास ती मिळू शकेल, एवढी फट ठेवली. त्यानंतर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ‘ञ’ खंडच बदलून टाकला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अंमलात आला. आता त्या खंडात ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. विधिमंडळाची कसोटी त्यातून गेली. आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे सार्वजनिक हित अधिक भारी असेल तर प्राधिकरण माहिती देऊ शकते, हा आधार राहिला आहे. नाईकांच्या प्रकरणातील अर्ज आज आला असता, तर त्या नागरिकाला एका काठीवर चालावे लागले असते. मंत्र्यांच्या रुग्णालयातील मुक्कामाबरोबरच गावच्या कामावरील मजुरांचे हजेरीपट, रेशनच्या लाभार्थ्यांच्या याद्या यांवरही नावे असतात. ब्यावरच्या माणसांनी नेमक्या त्याच नावांतून चोरी पकडली होती. या शब्दाचा अर्थ न्यायालये किती ताणतात किंवा आवळतात, यावर पुढील काळातील पुष्कळ काही अवलंबून आहे.

तरी हा सारा वाद कागद वाचता येतो हे गृहीत धरून चालला आहे. जांबोटीच्या भागात ते गृहीत धरता येत नाही. खानापूर तालुक्यात मराठी बोलणाऱ्यांची वस्ती मोठी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. २००० च्या सुमारास ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर आले ते कन्नडमध्ये. सीमेचा वाद न्यायालयात आहे, महाराष्ट्राने त्यासाठी २००४ साली दावा दाखल केला. त्याचे जे व्हायचे ते होईल. येथे प्रश्न त्याहून साधा आहे. माहितीच्या कायद्याचे सहावे कलम म्हणते, की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा. चंदगडच्या तहसीलदाराकडे त्यामुळे मराठी अर्ज हक्काने चालतो. गोव्यात राजभाषा कोकणी असली, तरी १९८७ च्या कायद्याने मराठीलाही शासकीय वापरात स्थान दिले आहे. खानापूरच्या कचेरीत मराठी अर्ज घेणे हे अधिकाऱ्याच्या सौजन्यावर सोडलेले आहे. शिवाय कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असला पाहिजे. परक्या भाषेत आपला ‘का’ टिपणीच्या प्रतीच्या मागणीत बदलून दीडशे शब्दांत बसवणे हे पदवीधरालाही सोपे नाही.

मजेची गोष्ट अशी, की घटनेचे ३५० वे कलम कोणत्याही व्यक्तीला गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे अर्ज करू देते. गाऱ्हाणे मराठीत मांडता येते. त्या गाऱ्हाण्यामागचा कागद मागायचा तर भाषा बदलावी लागते. कायद्याच्या चौथ्या कलमात आपणहून प्रसिद्ध करायची माहिती देताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी असेही म्हटले आहे. पण ‘स्थानिक’ म्हणजे राज्याची की गावाची, हे त्यात सांगितलेले नाही. म्हादईच्या लवादाचा निवाडा इंग्रजीत आहे, प्रकल्पाच्या टिपण्या कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. आणि ज्या रानातून कालवा जायचा त्या रानाच्या कडेला राहणारा माणूस रात्री घरात मराठीत बोलतो.